मापाची बंदूक

“डोळे मीट,” वेंडल म्हणाला. “घट्ट. आता उचल आणि खांद्याला लाव. सहज, विचार न करता. लावलीस? हं, आता उघड डोळे. काय दिसतंय?”

“लोखंड,” हॅडली म्हणाली.

“नळीचं टोक दिसतं?”

“नाही. नुसता लोखंडाचा ठोकळा.”

“मग ही तुझी नव्हे. ठेव खाली.”

हॅडलीनं बंदूक काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढायला तिचा जीव होईना. बारा गेजची, काळीभोर, लांब आणि रुंद नळीची. वर्गातल्या कोल्टनकडे अशीच होती, आणि शाळेच्या बसमध्ये तो त्या बंदुकीबद्दल इतकं बोलायचा की ड्रायव्हरनं एकदा त्याला मागच्या सीटवर पाठवलं होतं. हॅडलीला मागच्याच आठवड्यात बारा वर्षं पूर्ण झाली होती. शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग तिनं उन्हाळ्यातच पार पाडला होता, आणि त्याचं कार्ड आत्ता तिच्या जीन्सच्या मागच्या खिशात होतं.

“मोठी झाले की बसेल ना मला?” तिनं विचारलं.

“बसेल. मोठी झालीस की घे.”

“बूट घेताना मॉम नेहमी एक नंबर मोठेच घेते.”

“बूट पायाला लाथ मारत नाहीत,” वेंडल म्हणाला.

काउंटरच्या पलीकडे लोइस खुदकन हसली. हार्डवेअरचं हे दुकान तिच्या वडलांचं. पुढच्या भागात खिळे, रंगाचे डबे, गुरांचं मीठ. मागच्या भिंतीला बंदुका. गावातल्या निम्म्या लोकांची पहिली बंदूक या काउंटरवरून गेली होती. लोइस वेंडलच्याच वयाची, सत्तरीला टेकलेली. शाळेत ती त्याच्या पुढच्या बाकावर बसायची आणि तेव्हापासून त्याला टोमणे मारायचं काम तिनं इमानानं चालवलं होतं.

हॅडलीची आई क्रिस्टा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. ती एक बंदूक दोन्ही हातांत धरून घेऊन आली. आखूड, हलकी, गुलाबी दस्त्याची.

“वेंडल, ही बघा ना. काहीच वजन नाही. एका हातानं उचलते.”

“मॉम!” हॅडली दबक्या आवाजात ओरडली. “गुलाबी?”

“रंगाचं सोड गं. तुला झेपेल ही.”

वेंडलनं ती घेतली, आत काडतूस नाही ना ते उघडून पाहिलं, हातावर तोलली आणि परत दिली. “हीच सगळ्यात जास्त मारेल तिला.”

“एवढीशी?”

“एवढीशी म्हणूनच. बंदुकीला वजन असलं की धक्का बंदूक खाते. वजन नसलं की पोर खातं.”

“मग ती सगळ्यात बारीक नळीची? तिला धक्काच नसतो म्हणाली लोइस.”

“धक्का नसतो, तसे छर्रेही नसतात. मूठभर फेकायचे तिथं चिमूटभर. ती मुरलेल्या माणसाची बंदूक आहे, क्रिस्टा. पोरानं दहा वेळा नेम धरला आणि दहाही वेळा पक्षी निघून गेला, की त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बंदुकीची खोट पोर स्वतःच्या अंगाला लावून घेतं.”

वेंडल एका दमात एवढं बोलला हे क्रिस्टानं पहिल्यांदाच ऐकलं. ती काही म्हणणार, तेवढ्यात लोइसनं काउंटरवर कोपर टेकलं.

“ऐका ऐका! आणि हे ज्ञान तेव्हा कुठं गेलं होतं रे? ब्रेंटला, स्वतःच्या पोराला, बापाची तोफ दिलीस ती? माझ्या भावाच्याच शेतात ना? पोराचं नाक फुटलं होतं. सगळे पुरुष पोट धरधरून हसले होते, व्हर्लिन अजून सांगतो.” ती आताही हसत होती. “तूही हसलास म्हणे.”

“हो,” वेंडल म्हणाला.

काउंटरवर एक पिवळं फडकं पडलेलं होतं. ते उचलून तो बारा गेजच्या नळीवरचे हॅडलीच्या बोटांचे ठसे पुसू लागला. पुसून झाले तरी पुसत राहिला. लोइसचं हसू हळूहळू ओसरलं. ती मागच्या खोलीत गेली आणि येताना एक वापरलेली बंदूक घेऊन आली.

“ही बघ. वीस गेज, बाराहून बारीक नळीची, आपोआप भरणारी. कुणीतरी बायकोसाठी दस्ता कापून घेतला होता, दीड इंच. आता मोठ्या माणसाला तोकडी पडते, म्हणून दोन वर्षं कुणी हात लावत नाही. दिसायला काही खास नाही.”

खरंच काही खास नव्हतं. दस्त्यावर ओरखडे होते, एका बाजूचा लाकडाचा रंग उडाला होता. हॅडलीनं शिकवल्याप्रमाणे आधी ती उघडली, रिकामी आहे ना ते बोट घालून पाहिलं. मग सांगायची वाट न बघता डोळे मिटले आणि बंदूक खांद्याला लावली.

मग तिनं डोळे उघडले.

“काय दिसतंय?”

“टोक,” ती म्हणाली. “टोकावरचा तो बारीक मणी. आणि तिथला रंगाचा डबा. बरोबर त्याच्यावरच.”

“तशीच धर. तीस मोजतो.”

त्यानं सावकाश तीस मोजले. तो मोजत असताना तिच्या टाचांकडे बघत होता. वजन झेपत नसलं की पोर कमरेतून मागं कलतं आणि टाचांवर जातं. हॅडली कलली नाही. तिसाव्या आकड्यापर्यंत नळीही खाली आली नाही.

“हीच,” वेंडल म्हणाला.

क्रिस्टानं कागदांवर सह्या केल्या.

वेंडल कोस्टनं छत्तीस वर्षं तालुक्याचा ग्रेडर चालवला होता. उन्हाळ्यात खडीचे रस्ते खरवडून सपाट करायचे, हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचं बर्फ बाजूला सारायचं. सकाळी सहाला काचेच्या केबिनमध्ये चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. मध्ये बोलायला कुणी नाही, एखादा शेतकरी समोरून गेला तर दोघांनी स्टिअरिंगवरून एकेक बोट उचलायचं, एवढंच. अशा माणसाला घरी आल्यावरही बोलणं सुचत नाही. आर्डिसनं, त्याच्या बायकोनं, ते चालवून घेतलं. शेवटचे सात महिने ती वृद्धांच्या दवाखान्यात होती. तिथं तिचे केस विंचरायला, तिला कुशीवर वळवायला तिथंच नोकरी करणारी क्रिस्टा असायची. त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्टमध्ये, क्रिस्टा गल्ली ओलांडून त्याच्या दारात आली. “हॅडलीचा बाप ओक्लाहोमात तेलाच्या विहिरींवर आहे. वाढदिवसाला बंदूक देतो म्हणाला होता. वाढदिवस झाला. मला त्यातलं काही कळत नाही.” असं ती म्हणाली, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

ब्रेंट त्याचा एकुलता एक मुलगा. तो टकोमाला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. इथून दोन दिवसांची वाट. महिन्या-दोन महिन्यांनी फोन व्हायचा. तिकडचा पाऊस, इकडचा वारा, गाडीनं किती मैल झाले, गुडघा कसा आहे. मग दोघांपैकी एक म्हणायचा, “बरं तर,” आणि दुसऱ्याला सुटल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशीचं सगळं वेंडलला लख्ख आठवत होतं. सत्त्याऐंशी साल. ब्रेंट बारा वर्षांचा, काटकुळा. वेंडलच्या वडलांची एका नळीची बारा गेज त्यानं पोराच्या हातात दिली होती, कारण त्याच्याही हातात बाराव्या वर्षी तीच दिली गेली होती. दुसरं काही देता येतं हे मनातही आलं नाही. झुडपातून फेझंटचा, त्या रानपक्ष्याचा, कोंबडा उडाला, पोरानं चाप ओढला, आणि बंदुकीनं त्याला मागच्या मागं नांगरटीत बसवलं. अंगठ्याचं हाड नाकावर आदळलं होतं. हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि पोर चारी बाजूंनी हसणाऱ्या माणसांकडे एकेक करून बघत होतं. सगळ्यात शेवटी बापाकडे. बापही हसत होता.

पुढच्या वर्षी ब्रेंट आला नाही. त्यानंतर कधीच नाही.

सप्टेंबरमधली कामगार दिनाची सुट्टी संपल्यावरच्या शनिवारी वेंडल हॅडलीला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर घेऊन गेला. क्रिस्टाला दवाखान्यात कामावर जायचं होतं. त्यानं पिकअपच्या मागून मातीच्या थाळ्या उडवायचं जुनं यंत्र उतरवलं, हॅडलीच्या कानांवर कर्णरक्षक बसवले आणि बंदुकीत एकच काडतूस भरायला लावलं.

“तीन मावतात यात,” ती म्हणाली.

“एक.”

“कोल्टन तीन भरतो.”

“कोल्टनला एकात जमत नसेल.”

पहिली गोळी तिनं समोरच्या मातीच्या कड्यावर, उभ्या ठेवलेल्या थाळीवर झाडली. वेंडल तिच्या खांद्याकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होता. आवाज झाला. थाळीचा चुरा उडाला. हॅडलीनं बंदूक खाली केली, नळी जमिनीकडे धरली आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

“बस? एवढंच?” ती म्हणाली आणि तोंडभर हसली. “मिस्टर कोस्ट, मला तर वाटलं होतं मी पडते की काय!”

“वेंडल म्हण.”

“वेंडल, अजून एक!”

“हो. मी आलोच.”

तो पिकअपच्या पलीकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. पाण्याची बाटली काढायला आल्यासारखं त्यानं दार उघडलं, पण बाटली काढली नाही. दीड इंच, त्याच्या मनात आलं. सुतारानं अर्ध्या तासात कापून दिला असता दस्ता. वीस गेज तर लोइसच्या बापाच्या दुकानात तेव्हाही होती.

“वेंडल! भरू ना?”

“थांब. मी आल्याशिवाय नाही,” तो म्हणाला आणि डोळे पुसून परत आला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यानं ब्रेंटला फोन लावला. महिन्याचा फोन होऊन आठवडाच झाला होता.

“डॅड? सगळं ठीक ना?”

“ठीक, ठीक. तिकडं पाऊस?”

“पाऊस असतोच. काय झालं?”

“काही नाही. ती शेजारची पोर, हॅडली. तिला बंदूक घ्यायची होती म्हणून गेलो होतो लोइसकडे.” वेंडल स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा होता. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, आणि आता त्यातलं एकही जागेवर नव्हतं. “ब्रेंट, ती बंदूक. तुझ्या आजोबांची. तुला दिली होती ती.”

“हं?”

“तुझ्या मापाची नव्हती ती. मला कळायला हवं होतं. आणि मी हसायला नको होतं. तेवढंच सांगायचं होतं.”

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद झालं.

“डॅड, एवढ्यासाठी फोन केलात?”

“हो.”

“अहो, नाक चार दिवसांत बरं झालं. शाळेत सगळ्यांना दाखवत फिरलो होतो मी. हिरो झालो होतो.”

“मग सोडलंस का?”

“मला मारायचे नव्हते पक्षी. बस. तुम्ही पाडलेला पहिला कोंबडा माझ्या हातात दिला होतात ना, गरम होता तो. मला तेच नको होतं. बंदुकीचं काही नाही. चालायला मात्र आवडायचं मला. घरी तुम्ही बोलायचा नाहीत. तिथं बोलायचात. कोल्ह्याचं बीळ दाखवायचात, कुणाची विहीर कधी आटली ते सांगायचात. मला वाटायचं, हे डॅड निराळेच आहेत.”

“हं,” वेंडल म्हणाला.

“पुढच्या वर्षी मी विचारलं होतं तुम्हाला. गॅरेजमध्ये. तुम्ही बूट चढवत होतात. मी म्हटलं, मला बंदूक नको, मी नुसता येऊ का चालायला? तुम्ही म्हणालात, बंदूक नाही तर शेतात तुझं काय काम? आणि गेलात.”

वेंडलनं आठवून पाहिलं. गॅरेज आठवलं. भिंतीवरची फावडी आठवली, तेव्हाचे बूट आठवले, त्यांच्या पिवळ्या नाड्यासुद्धा. दारात उभं असलेलं पोर काही केल्या आठवेना.

“मी असं म्हणालो?”

“म्हणालात.”

“मला आठवत नाही रे.”

“नसेलच आठवत,” ब्रेंट म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वेंडलला धरायला काहीतरी मिळालं असतं. “आई त्या दिवशी मला सिनेमाला घेऊन गेली. पॉपकॉर्नचा मोठा डबा घेऊन दिला. जाऊ दे, डॅड. सत्तावीस वर्षं झाली.”

म्हणजे आर्डिसला माहीत होतं. इतकी वर्षं एका टेबलावर जेवताना, एका छपराखाली झोपताना ती कधी एका शब्दानं बोलली नव्हती. की बोलली होती, आणि तेही त्याला आठवत नव्हतं?

“गुडघा कसा आहे?” ब्रेंटनं विचारलं.

“बरा आहे.”

“बरं तर.”

“बरं.”

फोन ठेवल्यावर तो गॅरेजमध्ये गेला आणि दिवा न लावता बराच वेळ तिथं उभा राहिला, कदाचित आठवेल म्हणून.

मोठ्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, आणि त्याआधी दोन आठवडे इकडं पोरांचा हंगाम असतो. पोरांनी बंदूक घ्यायची, मोठ्यांनी रिकाम्या हातांनी सोबत चालायचं, असा नियम. बाराव्या वर्षापासून वेंडलनं हंगामात शेतात बंदुकीशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. लोइसच्या भावाच्या, व्हर्लिनच्या, मक्याच्या कडेनं हॅडलीबरोबर चालताना त्याला हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घातले तर तोल जाई, मोकळे सोडले तर ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लोंबत. पक्षी उठवणारी त्याची कुत्रीही आता नव्हती. मागच्या हिवाळ्यात ती गेली होती, आणि नवं पिल्लू वाढवायचं आता त्याचं वय नव्हतं. म्हणून गवत तोच पायानं ढोसत होता.

“मादी उडाली तर?”

“नाही मारायची. फक्त कोंबडा. मान हिरवी, गळ्यात पांढरी कडी.”

“आणि घराच्या दिशेनं उडाला तर?”

“तर?”

“नाही मारायचा.”

“मग मला कशाला विचारतेस?”

पहिल्या दोन माद्या निघाल्या. हॅडलीनं बंदूक उचलली आणि दोन्ही वेळा स्वतःहून खाली केली. तिसऱ्या वेळी गवत फाडल्यासारखा फडफडाट झाला आणि तांबडा-सोनेरी कोंबडा ओरडत वर चढला. वेंडलचे रिकामे हात आपोआप छातीपर्यंत आले. बाजूला एकच बार झाला. कोंबडा हवेत मोडला आणि मक्याच्या कडेला पडला.

हॅडली धावली नाही. तिनं बंदूक उघडली, खांद्यावर अडकवली आणि सावकाश चालत गेली. कोंबडा मेलेला होता. त्याच्या पिसांवर वारा फिरत होता. ती गुडघ्यांवर बसली.

पूर्वीचा वेंडल असता तर त्यानं तिच्या पाठीत थाप मारली असती आणि पक्षी तिच्या हातात कोंबला असता. तो दोन पावलं मागंच थांबला.

“ठीक आहेस?”

“हो. वाईट वाटतंय. पण आनंदपण झालाय. असं दोन्ही एकदम होतं?”

“होतं.”

“तुम्हाला अजून होतं?”

वेंडलला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. “होत असावं,” तो म्हणाला. “मी कधी थांबून बघितलं नाही.”

तिनं कोंबड्याच्या मानेवरून एक बोट फिरवलं. “गरम आहे.”

“उचलू मी?”

“नको. मी पाडलाय, मीच उचलते.”

परत येताना तो म्हणाला, “ऐक. कधी तुला वाटलं, आज मारायचं नाही, नुसतं चालायचंय, तर तसं सांगायचं. बरोबर कुणीही असो.”

“मग बंदूक कशाला न्यायची?”

“नाही न्यायची.”

“हसतील सगळे.”

“हसू देत,” वेंडल म्हणाला.

मग तो तिला ओढ्याकाठचं कोल्ह्याचं बीळ दाखवायला घेऊन गेला. ते बीळ आता बुजलेलं होतं.

घरी क्रिस्टानं अंगणात दोघांचा फोटो काढला. कोंबडा तिनं लोण्यात परतून, साय घालून शिजवला आणि त्याला जेवायला बोलावलं. जेवताना हॅडलीला एक छर्रा दाताखाली आला, तो तिनं ताटाच्या कडेला ठेवला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, “असतात असे.” तिघंही हसले. मग ती म्हणाली की मोठ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी कोल्टनच्या घरच्यांनी तिला बोलावलंय. वीस-बावीस माणसं असतात, दुपारी शेतातच जेवण असतं.

“तुम्ही पण या ना! मी विचारते त्यांना. ते हो म्हणतील.”

“तू जा. तुझ्या वयाची पोरं असतील तिथं. तिथं मजा येईल.”

“नक्की?”

“नक्की. आणि एकच काडतूस भर.”

त्या आठवड्यात त्यानं ब्रेंटला पुन्हा फोन केला. त्यानं उचलला नाही, म्हणून निरोपाच्या यंत्रावर बोलावं लागलं. यंत्राशी बोलायला वेंडलला नेहमी अवघड जायचं. “ब्रेंट, मी बोलतोय. डॅड. हंगाम तिसऱ्या शनिवारी सुरू होतोय. नाताळच्या पुढंपर्यंत असतो, तुला माहीतच आहे. तू आलास तर... बंदुकीची काही गरज नाही. नुसतं चालायला. एवढंच. गुडघा बरा आहे.”

दोन दिवसांनी उत्तराचा मेसेज आला. या वर्षी सुट्टी शिल्लक नाही, डॅड. विचारलंत ते बरं वाटलं.

वेंडलनं तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसून आणखी एकदा.

तिसऱ्या शनिवारी गाव परगावच्या गाड्यांनी भरून गेलं. कॅफेत बसायला जागा नव्हती, शिकारीच्या केशरी टोप्या घातलेली माणसं रस्त्यात उभी राहून कॉफी पीत होती. कोल्टनच्या बापाच्या ट्रकमागं, पोरांच्या गर्दीत बसून हॅडली गेली. जाताना तिनं हात हलवला. वेंडलनं एक बोट उचललं.

मग तो पिकअप घेऊन व्हर्लिनच्या शेताकडे गेला, गाडी रस्त्याकडेला लावली आणि कुंपणाची तार वाकवून आत शिरला. तेवढ्यात मागून व्हर्लिनची गाडी येऊन थांबली. काच खाली आली.

“वेंडल! बंदूक विसरलास की काय? म्हातारा झालास रे.”

“विसरलो नाही. नुसता चालतोय.”

“पहिल्या दिवशी? बिनबंदुकीचा?” व्हर्लिननं त्याला आजारी जनावर न्याहाळावं तसं न्याहाळलं. “डॉक्टरनं सांगितलंय का चालायला?”

“नाही. पोरानं.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

व्हर्लिननं शेताकडे हात केला. “मागच्या बाजूला झाडांच्या ओळीत भरपूर आहेत यंदा,” तो म्हणाला. “हवं तर माझी घेऊन जा. मागच्या सीटवर आहे.”

“नको. राहू दे.”

गाडी खडीवर धूळ उडवत गेली. वेंडल शेताच्या मागच्या बाजूला पोचला. वारा अडवायला व्हर्लिनच्या आजोबांनी लावलेली ती झाडांची ओळ पाऊण मैल लांब होती. अॅश, देवदार आणि खाली रानप्लमची दाट जाळी. अशी ओळ दोघांनी चालायची असते. एकानं या अंगानं, दुसऱ्यानं त्या अंगानं, एकमेकांना हाका मारत. माणूस एकटा असला की पक्षी नेमका त्याच्या पलीकडच्या बाजूनं निघतो.

दूर कुठंतरी पहिले बार झाले, मग बरेच. वेंडल उजव्या अंगानं निघाला. चालता चालता तो बोलू लागला, आधी मनात, मग हळू आवाजात. या अॅशच्या झाडांतलं दर दुसरं वाळलंय बघ. इथं सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ग्रेडर रुतला होता, दोन दिवस निघाला नव्हता. पायाखाली वाळकं गवत मोडत होतं.

अर्ध्या वाटेवर कोंबडा निघाला. जाळीत फडफड झाली, आणि पलीकडच्या अंगानं तो ओरडत वर चढला. फांद्यांमधून वेंडलला त्याची लांब शेपटी दिसली, मग तीही नाही. तो थांबून आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिला. त्या बाजूला कुणी नव्हतं.

मग तो पुन्हा चालू लागला, ओळीच्या टोकापर्यंत.